मागे राहिलेले सवंगडी

मराठीतील दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचा अभ्यास आपल्या विद्यापीठांत चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. प्रबंध लिहिले गेले, चर्चासत्रे झाली, अभ्यासक्रमांत पुस्तके लागली. या सगळ्या अभ्यासात एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. कोणतेही आत्मकथन उघडावे, पहिल्या पन्नास-साठ पानांत पोरांची गर्दी असते. कोणी गुरे राखतो आहे, कोणी उकिरड्यावर काही शोधतो आहे, कोणी निवेदकाबरोबर शाळेच्या दाराशी बसला आहे. निवेदक मॅट्रिकच्या उंबरठ्यावर येतो तोवर ही गर्दी विरळ होते, आणि तो शहरात, वसतिगृहात, नोकरीत पोचतो तेव्हा तो एकटाच उरलेला असतो. बाकीच्यांचे काय झाले?

हा प्रश्न वरकरणी रचनेचा वाटतो. आत्मकथन एकाचे असते, तेव्हा इतर पात्रे गळणारच, असे उत्तर देऊन तो मिटवता येतो. पण इथे माणसे कथानकातून गळण्याआधी शाळेच्या पटावरून गळलेली आहेत. म्हणजे प्रश्न रचनेचा आहे त्याहून अधिक इतिहासाचा आहे. एकाच वस्तीतील, एकाच वयाच्या, सारख्याच उपाशी मुलांपैकी एक लेखक होतो आणि उरलेले लेखनाचा विषयही होत नाहीत, हे कसे घडले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा मुख्यतः लातूर परिसरातून आलेल्या दोन पुस्तकांच्या आधारे घ्यायचा आहे. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही ती दोन पुस्तके. जोडीला दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि स्त्रियांची काही आत्मकथने येतील.

प्रदेश आणि काळ

अहमदपूर तालुका आज लातूर जिल्ह्यात आहे. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधी हा तालुका उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होता, आणि १९५६ पूर्वी हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात. उदगीर आणि निलंगा यांचीही हीच कथा. या स्थलांतरांचा शिक्षणाशी जवळचा संबंध आहे. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती; १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. म्हणजे खेड्यातील मराठी बोलणाऱ्या कुठल्याही मुलासमोर शिक्षणाच्या वाटेत परक्या भाषेची एक भिंत आधीच उभी होती. महारवाड्यातील, मांगवाड्यातील, पालांवरच्या मुलासमोर त्या भिंतीअलीकडे आणखी एक जुनी भिंत होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ साली आले. या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. १९३० च्या सुमारास या भागात जन्मलेल्या दलित मुलाला, तो कितीही हुशार असला तरी, आपल्या मुलुखात जाण्यासारखे महाविद्यालयच जवळपास नव्हते. १९४० नंतर जन्मलेल्याला ते होते, आणि त्याला जोडलेले वसतिगृहही होते. सोनकांबळे यांचा जन्म चाळीसच्या दशकातला, गायकवाडांचा पन्नाशीच्या आरंभीचा. आपण ज्याला दलित आत्मकथनांची पिढी म्हणतो ती प्रतिभेच्या आकस्मिक स्फोटातून आलेली नाही. दार उघडले त्या वर्षी जी मुले दाराजवळ होती, त्यांची ती पिढी आहे. दाराजवळ आणखीही मुले होती, आणि ती आत आली नाहीत, हेच आपल्याला पाहायचे आहे.

पोरक्या मुलाची वाट

‘आठवणींचे पक्षी’ हे पुस्तक आरंभ-मध्य-शेवट अशा सरळ रेषेत चालत नाही. सुट्या सुट्या आठवणी, सुटी सुटी माणसे, एकेका प्रसंगाचा एकेक लेख, अशी त्याची बांधणी आहे. पुस्तकरूप घेण्याआधी त्यातील काही लेखन नियतकालिकांतून आले होते, हेही या सुटेपणाचे एक कारण असेल. या रचनेचा एक परिणाम आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सरळ रेषेच्या आत्मकथनात मागे राहिलेला माणूस मागेच राहतो. सोनकांबळ्यांच्या रचनेत लेखक वारंवार मागे येतो. शिक्षण पूर्ण करून औरंगाबादला प्राध्यापक झालेला माणूस पुन्हा उदगीर-जळकोटकडच्या त्या वस्तीत उतरतो, एकेकाला भेटतो, आणि भाषाही तिथलीच बोलतो.

निवेदक लहानपणी आईवडिलांना मुकलेला आहे. बहिणीच्या दारात तो वाढतो. त्या घरात त्याच्या वाट्याला येणारी भाकरी ही हक्काची नसते, मिळाली तर मिळाली अशी असते. मराठी वाचकाने या पोरकेपणाकडे नेहमी करुणेने पाहिले, आणि ते स्वाभाविकच होते. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या मुलाला आईबाप आहेत त्याचे हात घराला लागतात. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरांमागे गेला तर एका माणसाचे पोट सुटते. बारा वर्षांचा झाला तर सालगडी म्हणून बापाच्या शेजारी उभा राहतो. गावकीची पाळी चुकवता येत नाही. घर जितके गरीब तितका मुलाच्या हातांवर त्याचा हक्क मोठा. पोरक्या मुलाला कोणी धरून ठेवत नाही, कारण तो कोणाचाच नसतो. निराधार असणे आणि मोकळे असणे ही एकाच अवस्थेची दोन नावे होतात. वसतिगृह इतरांसाठी घरापासूनचे तुटणे होते, तर अशा मुलासाठी दोन वेळच्या जेवणाची ती पहिली हमी होती.

पोरके होणे भाग्याचे होते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अशा अवस्थेतून गेलेली बहुतेक मुले कुठल्याही पुस्तकात आलेली नाहीत. सांगायचे ते इतकेच, की पुढे गेलेला आणि मागे राहिलेला यांच्यातील फरक बुद्धीचा किंवा जिद्दीचा होता असे गृहीत धरण्याआधी कोणाच्या हातांवर कोणाचा किती हक्क होता, याची विचारपूस व्हायला हवी. ज्याला आपण ‘शिक्षणाची आवड नसलेला’ म्हणतो तो मुलगा अनेकदा धाकट्या भावंडांच्या भाकरीसाठी उभा राहिलेला असतो. त्याचा त्याग आत्मकथनाच्या नायकाच्या कष्टांहून कमी नाही. फक्त त्याला निवेदक मिळालेला नाही.

दोन शाळा

‘उचल्या’मधील प्रश्न अधिक बिकट आहे. लातूर तालुक्यातील धनेगावची ही कथा. गायकवाडांच्या जमातीला समाजाने चोर ठरवलेले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी प्रथम उत्तर हिंदुस्थानात लावला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली; १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. एखादी जमात जन्मानेच गुन्हेगार असते हे त्यामागचे गृहीतक होते. हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास मनाई, तारेच्या कुंपणातील वसाहती ही त्याची साधने होती. आपल्या भागाला जवळची अशी मोठी वसाहत सोलापूरला होती. कायद्याची हद्द इंग्रजी मुलुखापुरती असली, तरी त्याने मारलेला शिक्का राज्यांच्या हद्दी ओलांडून जनमानसात बसला. १९५२ च्या ऑगस्टअखेर हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. लक्ष्मण गायकवाडांचा जन्मही १९५२ चाच. एका अर्थाने ते आणि त्यांचे सवंगडी ही विमुक्तांची पहिली पिढी.

पण शब्द बदलल्याने पोलीस पाटलाची वही बदलत नाही. ‘उचल्या’त वस्तीतील मुलांपुढे दोन शाळा आहेत. एक गावातली, आणि दुसरी वस्तीतली, जिथे उचलेगिरीचे हात शिकवले जातात. दोन्हीकडे मार आहे. गावच्या शाळेत धडा आला नाही म्हणून मार बसतो. वस्तीच्या शाळेत पुढे पोलिसांचा मार सोसता यावा आणि तोंडातून नाव निघू नये म्हणून मुलांना आधीच मारून तयार केले जाते. वाचकाला हे क्रौर्य वाटते, पण त्या जगात ती आईबापांची काळजी असते. मूल पकडले जाणारच, हे गृहीत धरलेल्या माणसांनी काढलेला तो मार्ग आहे.

निवेदकाच्या वडिलांनी त्याला गावच्या शाळेत घातले. त्या सुमारास वस्तीत मुलांना जुलाब-वांत्यांची साथ लागली, तेव्हा आपल्यातले पोर शाळेत गेल्यानेच हे अरिष्ट आले, असे लोकांना वाटले. हा प्रसंग अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून शिकवला जातो. तो तसा आहेच. पण तेवढाच नाही. ज्या वस्तीतून आजवर कोणीही शाळेत गेलेला नाही, त्या वस्तीत एकाचे जाणे हे सर्वांच्या रीतीला दिलेले आव्हान असते. पहिल्या मुलाला हे सगळे ओझे एकट्याने उचलावे लागते. त्याचे सवंगडी त्या घटकेला त्याच्यापासून तुटतात, कारण त्यांच्या घरांनी त्याच्याकडे भीतीने पाहायला सुरुवात केलेली असते. म्हणजे इथे मैत्रीत पडलेले अंतर मोठेपणीच्या पगारामुळे किंवा कपड्यांमुळे आलेले नाही. ते पाटी हातात घेतली त्याच दिवशी पडले आहे.

पुढे निवेदक लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो, कामगारांच्या चळवळीत पडतो, नोकरी गमावतो. भाऊ मात्र त्याच जुन्या धंद्यात, पोलीस ठाणे आणि तुरुंग यांच्या फेऱ्यात राहतात. ‘उचल्या’चे मोठेपण असे, की सर्वांत जवळचे सवंगडी, म्हणजे सख्खी भावंडे, त्यातून गळत नाहीत. घराचा चुलीचा खर्च ज्या पैशातून भागतो तो पैसा कुठून येतो, हे निवेदक लपवत नाही. शिकणाऱ्या भावाचे अन्न न शिकलेल्या भावांच्या चोरीतून येते. ‘स्वकष्टाने शिकला’ हे वाक्य इथे पुरे पडत नाही. त्याच्या शिक्षणाची किंमत घरातल्या इतरांनी पाठीवर मोजली आहे.

१९८८ साली या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९८ साली महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त आणि भटक्यांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय पातळीवर एक कृतिगट उभा केला. केंद्र सरकारने बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००८ साली आला; पुढे दादा इदाते यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग झाला. एवढ्या वर्षांनंतरही वर्गवारीचा घोळ पूर्ण सुटलेला नाही. कैकाडी समाज विदर्भाच्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातींत मोडतो, आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मुळे (१९८०) हा समाज मराठी वाचकाला प्रथम जवळून दिसला. एकाच पालातून निघालेले दोन चुलतभाऊ जिल्ह्याच्या सीमारेषेच्या दोन बाजूंना स्थिरावले, तर त्यांच्या मुलांपुढची दारे वेगवेगळी असतात. कोण पुढे जाणार, हे ठरवणाऱ्या गोष्टींत अशी रेषाही येते.

दगडू नावाचा सोबती

‘बलुतं’मध्ये याच प्रश्नाला दया पवारांनी वेगळ्या रीतीने हात घातला. पुस्तकात कथा सांगणारा आहे दगडू, आणि ऐकणारा आहे दया पवार. दगडू मारुती पवार हे लेखकाचेच नाव. म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग करून एकाला बोलते केले आहे आणि दुसऱ्याला ऐकायला बसवले आहे. समीक्षेने या युक्तीची चर्चा दुभंग व्यक्तिमत्त्व, सुशिक्षित दलिताची कोंडी अशा अंगांनी केली. मला तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो. दगडू हा मागे राहिलेला सवंगडी आहे. तो कावाखान्यातून बाहेर आलेलाच नाही.

कावाखाना ही मुंबईतील नागपाड्याजवळची वस्ती. गावाकडून आलेले महार तिथे कोंदट खोल्यांत दाटीने राहत. पुरुष हमाली करत, गोदीत राबत. बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा वेचत. आसपास जुगाराचे अड्डे आणि वेश्यावस्ती. अशा वस्तीतून निघालेला लेखक मोठेपणी सरकारी कचेरीत बसतो तेव्हा त्याच्या अंगावर नवे नाव आणि नवे कपडे असतात. जुने नाव मात्र जुन्या सोबत्यांच्या तोंडी राहते. बालपणीचा मित्र भेटला की तो आपल्याला त्याच नावाने हाक मारतो. त्या हाकेत जिव्हाळा असतो आणि थोडी भीतीही वाटते. दया पवारांनी ती हाक मारणाऱ्यालाच निवेदक केले. म्हणून ‘बलुतं’ वाचताना हे एकाच्या यशाचे पुस्तक आहे असे क्षणभरही वाटत नाही.

या पुस्तकावर त्या काळी दलित सुशिक्षितांतूनही टीका झाली. आपली घाण चव्हाट्यावर का मांडता, असा तिचा रोख होता. त्या टीकेला नुसते पांढरपेशेपण म्हणून झटकणे अन्यायाचे होईल. आत्मकथनात जी माणसे येतात त्यांची परवानगी कोणी घेतलेली नसते. निवेदक शहरात सन्मान घेत असतो तेव्हा पुस्तकातील आत्या, चुलता, शेजारीण त्याच गल्लीत राहत असतात आणि त्यांच्या आयुष्याची पाने अनोळखी लोक वाचत असतात. मागे राहिलेल्यांविषयी लिहिले नाही तर ते इतिहासातून पुसले जातात. लिहिले तर त्यांच्या लाजेवर आपले पुस्तक उभे राहते. या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग मला दिसत नाही. दया पवारांनी तो सोडवलाही नाही. फक्त स्वतःची लाज सर्वांत आधी मांडली.

इथे थोडे बाहेर पाहणे उपयोगी ठरेल. एलेना फेरांते यांची नेपल्समधील एका दरिद्री वस्तीवरची कादंबरीमालिका २०११ ते २०१४ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. दोन मैत्रिणी, एक शिकून लेखिका होते, दुसरी शाळेबाहेर पडते. आणि शाळेबाहेर पडलेली ही अधिक तल्लख आहे, हे लेखिका झालेलीला जन्मभर ठाऊक असते. कादंबरीला हे शक्य आहे. ती मागे राहिलेल्या मैत्रिणीला अर्धे पुस्तक देऊ शकते. आत्मकथनाला सत्याचे बंधन आहे. दुसऱ्याच्या मनातले त्याला माहीत असल्याचा दावा करता येत नाही. दगडूची युक्ती या मर्यादेत राहून काढलेला मार्ग म्हणून पाहिली तर तिचे मोल अधिक कळते.

एकटे जाणे आणि मिळून जाणे

मागे राहण्याची ही कथा सर्वत्र सारखी नव्हती. मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पचे उदाहरण घ्यावे. अण्णा भाऊ साठे यांच्या आयुष्याचा मोठा काळ या वस्तीशी जोडलेला आहे; ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) लिहिणारे बाबूराव बागूलही तिथलेच. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावचा एक, बार्शीचा एक, असे वेगवेगळ्या मुलुखांतून आलेले हे कलावंत बालमित्र नव्हते. पण गिरणी, युनियन आणि वस्ती यांनी त्यांना एकत्र बांधले होते. इथे वर जाण्याची वाट वसतिगृहातल्या एका खाटेची नव्हती. ती मोर्चाची होती, आणि मोर्चात वस्ती बरोबर चालते.

त्याची किंमतही सारखी मोजावी लागली. १९६९ साली जुलैत अण्णा भाऊ विपन्नावस्थेत गेले. ऑगस्टमध्ये अमर शेख गेले. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी मैदाने भारून टाकली ते दोघे एकमेकांपाठोपाठ सहा आठवड्यांच्या आत संपले. मिळून वर जाण्याची वाट व्यक्तीला फारसे काही देत नाही, आणि एकट्याने वर जाण्याची वाट वस्तीला फारसे काही देत नाही. साठोत्तरी काळात पहिली वाट अरुंद होत गेली आणि दुसरी रुंद झाली. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा ही सगळी व्यवस्था एकेका विद्यार्थ्याला हात देणारी होती. तिने हजारो घरे उभी केली, हे निर्विवाद आहे. पण आत्मकथन हा वाङ्मयप्रकार नेमका त्याच काळात फुलला, हा योगायोग नव्हे. ज्या काळात माणसे एकेकटी वर जातात त्या काळात ‘मी’ची कथा लिहिली जाते; कलापथकाच्या काळात पोवाडा आणि लोकनाट्य लिहिले गेले होते.

मैत्रिणी कुठे गेल्या

आतापर्यंत आपण मुलग्यांविषयीच बोललो, कारण पुस्तकेही त्यांच्याविषयीच बोलतात. पुरुषांच्या आत्मकथनांत वस्तीतल्या मुली पाणी भरताना, शेण गोळा करताना, धाकट्याला कडेवर घेताना दिसतात, आणि एका लग्नाच्या उल्लेखानंतर दिसेनाशा होतात. मुलगा शाळेतून गळतो तेव्हा निदान कोणी तरी हळहळते. मुलगी पटावर येण्याआधीच गळलेली असते.

या दृष्टीने बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) पुन्हा वाचायला हवे. त्यांनी हे लेखन घरच्यांपासून लपवून केले आणि वर्षानुवर्षे लपवूनच ठेवले, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. त्याहून लक्षणीय आहे शीर्षकातले सर्वनाम. ‘माझं’ नव्हे, ‘आमुचं’. हे पुस्तक ‘मी’पेक्षा फलटण परिसरातल्या महारवाड्यातील बायकांचेच अधिक आहे, निवेदिकेचे स्वतःचे संसारिक आयुष्य त्यात आश्चर्य वाटावे इतके थोडे येते. सासुरवास, बाळंतपणे, उपासमार, अंगात येणे हे सगळे अनेकवचनात सांगितले जाते. पुढे उर्मिला पवार यांनी ‘आयदान’मध्ये (२००३) विणकामाची प्रतिमा वापरली तेव्हाही एक धागा आणि अनेक धागे यांचे हेच नाते त्यांच्या मनात असावे. पुरुष आत्मकथनकारांसमोर मागे राहिलेल्यांचा पेच होता. स्त्रियांनी त्याला दिलेले उत्तर व्याकरणात आहे. त्यांनी एकटीच्या पुढे जाण्याची कथा सांगितलीच नाही. सगळ्या मैत्रिणींना बरोबर घेऊनच त्या बोलल्या.

वर्गात काय होते

या चर्चेचा आपल्या अध्यापनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आत्मकथने शिकवताना आपण ‘जिद्द’, ‘चिकाटी’, ‘प्रतिकूलतेवर मात’ हे शब्द सहज वापरतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही तेच परत येतात. हे शब्द खोटे नाहीत. पण ते पुढे गेलेल्याकडे पाहून काढलेले आहेत. जिद्दीने एक जण पुढे गेला असे म्हटले की मागे राहिलेल्यांत जिद्द नव्हती हे न बोलताच सिद्ध होते.

अहमदपूरसारख्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावात शिकवणाऱ्याला हे टाळता येत नाही. वर्गातल्या बाकावर बसलेल्या मुलाचा थोरला भाऊ दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या फडात गेलेला असतो, चुलत बहिणीचे दहावीआधीच लग्न झालेले असते, शेजारचा मित्र पुण्यात कुठल्याशा बांधकामावर असतो. हा विद्यार्थी ‘उचल्या’ वाचतो तेव्हा त्याच्यापुढे आपण कोणता आरसा धरतो? जिद्दीचा आरसा धरला तर त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसेल, पण भावाविषयी त्याच्या मनात एक सूक्ष्म तुच्छता उतरेल. हे पुस्तकाला अभिप्रेत नाही. निवेदकाने स्वतः भावांविषयी ती तुच्छता कधी बाळगलेली नाही.

त्याऐवजी एक साधा अभ्यास देता येतो. कोणतेही आत्मकथन घ्यावे आणि निवेदकाच्या वयाच्या प्रत्येक मुलाची, मुलीची नोंद करावी. त्याचा किंवा तिचा शेवटचा उल्लेख कोणत्या पानावर येतो, तो कशाच्या संदर्भात येतो, आणि त्यानंतर ती व्यक्ती का दिसत नाही, हे लिहावे. कारणांचे गट आपोआप पडत जातात: मृत्यू, लग्न, गुरे, सालदारी, दुष्काळ, तुरुंग, शहर. १९७२ च्या दुष्काळाचेच पाहावे. खडी फोडण्याच्या कामावर घरातला प्रत्येक हात गेला आणि त्या वर्षी सुटलेली शाळा अनेकांच्या बाबतीत पुन्हा लागली नाही. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला. त्या खडीवरच्या मुलांनी मागे टाकलेली इयत्ता त्यांना परत मिळाली नाही. १९७८ च्या जुलैत विद्यापीठ नामांतराचा ठराव झाल्यानंतर मराठवाड्यात ज्या वस्त्या जळाल्या, त्यांतील मुलांचे दप्तर कुठे गेले असेल, हाही याच यादीतला प्रश्न आहे. नामांतर १९९४ च्या जानेवारीत झाले. मध्ये साडेपंधरा वर्षे गेली, म्हणजे एका मुलाचे संपूर्ण शालेय वय गेले.

अशी यादी केली की साहित्याचा विद्यार्थी नकळत इतिहासाच्या कामाला लागतो, आणि त्याला कळते की पुस्तक जिथे थांबते तिथून पुढचा पुरावा आपल्याच गावात आहे. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात जुनी दाखल-खारीज रजिस्टरे असतात. कापडी पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली, शाई फिकट झालेली. त्यांत नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस आणि अगदी शेवटी शाळा सोडल्याचे कारण लिहायचा रकाना असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पानांवर त्या रकान्यात एकाखाली एक, एकाच हस्ताक्षरात, दोनच शब्द दिसत जातात: सतत गैरहजर. गुरुजींनी तेवढेच लिहिले, कारण रकाना तेवढाच होता. ज्यांच्या नावापुढे हे दोन शब्द आहेत त्यांतली काही माणसे आजही आपापल्या ओट्यावर बसलेली सापडतील. ती गैरहजर होती तेव्हा कुठे हजर होती, हे त्यांना अजून कोणी विचारलेले नाही.